टाकीतल्या गोगलगायी: एक बाटली, एक सापळा आणि आठ हेलेना

गणपतीसाठी दरवर्षीप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जाताना पुण्यातल्या घराची किल्ली आणि माशांच्या खाद्याचा डबा शेजारच्या काकूंकडे देऊन गेलो. दिवसातून एकदा, चिमूटभर, असे मी दोनदा बजावले होते. परंतु आल्या-गेल्याला जेवू घातल्याशिवाय ज्या घरातून सोडत नाहीत, त्या घरच्या बाईंना मुकी जनावरे एका चिमटीवर राहतात हे पटणे कठीणच होते. नऊ दिवसांनी रात्री परतलो, टाकीवरचा दिवा लावला आणि पुढच्या काचेवर काळे-तपकिरी ठिपके सरकताना दिसले. वीतभर लांबीरुंदीच्या एका चौकोनात मोजले तेव्हा एकेचाळीस भरले. मासे मजेत होते. काकूंनी त्यांना तिन्हीत्रिकाळ खाऊ घातले होते आणि माशांनी जे सोडले त्यावर गोगलगायींनी आपला संसार थाटला होता.

त्या सप्टेंबरपासून या जूनपर्यंत गोगलगायी कमी करण्यासाठी ज्या वस्तू विकत आणल्या त्यांचा हा अनुभव आहे: २२० रुपयांची औषधाची बाटली, २६० रुपयांचा प्लॅस्टिकचा सापळा आणि प्रत्येकी ७० रुपये देऊन आणलेल्या आठ हेलेना, म्हणजे गोगलगायी खाणाऱ्या गोगलगायी. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व तेवढीच उंच असून वाळू-दगड वजा जाता तिच्यात सुमारे १२० लिटर पाणी मावते. तळाला बारीक वाळू आहे. गप्पी, निऑन टेट्रा आणि सहा कोरीडोरास हे रहिवासी मासे. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोराइन आणि लाकडावर बांधलेली अनुबियास ही झाडे. तेव्हा वीसेक चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्याही होत्या. त्यांचा उल्लेख भूतकाळात का करावा लागतो ते पुढे येईल.

या पाहुण्या गोगलगायी काकूंनी आणल्या नव्हत्या हे मान्य करायला हवे. त्याआधीच्या जूनमध्ये मी ६० रुपयांना हायग्रोफिलाची एक जुडी आणून नळाखाली धुऊन तशीच लावली होती, आणि पानांच्या मागे चिकटलेली अंडी तिच्याबरोबर आली. जिलेटिनच्या थेंबासारखा तो पारदर्शक पुंजका पान उजेडाकडे धरून तिरपे केल्याशिवाय दिसत नाही आणि नळाच्या धारेने तर निघतच नाही.

टाकीत तीन जाती होत्या, आणि कोणता उपाय कोणत्या जातीवर चालतो यावरच सगळा हिशेब अवलंबून असल्याने त्यांची ओळख आधी करून देतो. सर्वांत जास्त होती ती ब्लॅडर स्नेल, शास्त्रीय नाव फायसेला अ‍ॅक्यूटा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढी, अंगावर पिवळसर ठिपके. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरल्यावर तोंड डाव्या बाजूला आले की ती हीच. ती उभयलिंगी असते आणि जोडीदार नसला तर एकटीही फलित अंडी घालू शकते, म्हणून ‘एकच तर आहे’ या समाधानाला अर्थ नसतो. दुसरी रॅम्सहॉर्न, चकलीसारख्या चपट्या वेटोळ्याची. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे काही पिल्ले लालसर दिसतात. तिसरी ट्रम्पेट, मेलानॉइडिस ट्यूबरक्युलाटा, लांबट निमुळत्या शंखाची. ही अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, आणि बहुतेक वेळा त्यासाठी तिला नराची गरज लागत नाही. दिवसभर वाळूत पुरून राहते, दिवा मालवला की वर येते. तिच्या शंखाच्या तोंडाला झाकण असते. ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न यांना ते नसते. हे झाकण लक्षात ठेवावे.

आता बाटली. पेठेतल्या ज्या दुकानातून मी हौसेच्या सुरुवातीपासून सामान घेतो तिथल्या मालकांना काचेचा फोटो दाखवताच त्यांनी मागच्या फळीवरून ती काढली. “साहेब, हे घाला, दोन दिवसांत एक दिसणार नाही,” असे त्यांनी सांगितले आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. द्रवाचा फिकट निळा रंग पाहूनच मला द्राक्षबागेत फवारतात त्या मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची आठवण झाली होती, आणि लेबलावर बारीक अक्षरांत ‘तांब्याचे क्षार’ असे छापलेलेही सापडले. म्हणजे मूळ औषध मोरचुदाच्याच कुळातले. गोगलगायींना मारण्यासाठी तांब्याचा वापर नवा नाही. ज्या देशांत गोगलगायींमार्फत माणसाला रक्तातल्या चपट्या कृमींचा रोग होतो तिथे कालव्यांमध्ये पूर्वी मोरचूदच सोडत असत. पुढे निक्लोसामाइड या औषधाने त्याची जागा घेतली. आपल्याकडेही रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात या रोगाचे रुग्ण आढळले होते आणि तिथे वाहक ठरली होती ती फेरिसिया ही नखाएवढीही नसलेली टोपीच्या आकाराची गोगलगाय. हे वाचून कुणी घरची टाकी रिकामी करू नये. त्या कृमीला आपला फेरा पूर्ण करण्यासाठी माणूस किंवा जनावर लागते, ते काचेच्या पेटीत नसते.

तांबे माशांपेक्षा गोगलगायींना आणि श्रिंपना कितीतरी कमी मात्रेत मारते, आणि या औषधांचा सारा आधार त्या फरकावर असतो. परंतु हा फरक किती रुंद राहील हे पाण्याच्या जडपणावर ठरते. जड पाण्यात तांब्याचा विषारीपणा कमी होतो, मऊ पाण्यात वाढतो. पुण्याला खडकवासल्याच्या धरणसाखळीतून मिळणारे पावसाचे पाणी मऊ आहे. माझ्या नळाच्या पाण्याचा जडपणा किटवर ४ अंश येतो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्याची आणि माझी मात्रा एकच कशी असू शकेल? लेबलावर मात्र दर दहा लिटरला इतके थेंब, एवढाच मजकूर होता. द्रवात तांबे किती टक्के आहे ते लिहिलेले नव्हते, पाण्याच्या जडपणाचा उल्लेख नव्हता, आणि माशाच्या चित्राखाली ‘सुरक्षित’ असे लिहिलेले असले तरी श्रिंपविषयी अवाक्षर नव्हते. तांबे आणि श्रिंप यांचे वैर ठाऊक असल्यामुळे मी सगळ्या श्रिंप आधीच स्पंज फिल्टर लावलेल्या बादलीत हलवल्या. ज्याला हे ठाऊक नसेल त्याने काय करायचे, याचे उत्तर त्या बाटलीत नाही.

पहिल्या दिवशी अर्धीच मात्रा घातली. तासाभरात ब्लॅडर गोगलगायी पाण्याच्या रेषेच्या वर चढून कोरड्या काचेवर बसल्या, दोन तर टाकीच्या झाकणापर्यंत पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी उरलेली मात्रा घातली आणि संध्याकाळपर्यंत काच स्वच्छ झाली. मला फार आनंद झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात सुके बोंबील भिजत घातल्यासारखा वास होता, पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले होते आणि सगळ्या गप्पी पृष्ठभागाशी तोंड लावून श्वास घेत होत्या. अमोनियाच्या किटमध्ये पिवळे राहायला हवे ते पाणी हिरवे झाले. रंग २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) घराशी जुळला. शेकडो गोगलगायी वाळूत आणि झाडांच्या मुळांशी एकाच वेळी मेल्या होत्या आणि एकाच वेळी कुजत होत्या, तो भार फिल्टरमधल्या अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना पेलणारा नव्हता. चोवीस तासांत तीनदा चाळीस टक्के पाणी बदलले, सायफनने वाळूतून मूठमूठ शंख काढले, फिल्टरमध्ये कार्बन भरला. दोन गप्पी आणि एक कोरीडोरास गेली. व्हॅलिस्नेरियाची पानेही पुढच्या आठवड्यात अर्ध्यातून पारदर्शक होऊन सुटली.

एवढे होऊनही ट्रम्पेट बऱ्याच वाचल्या. झाकण लावून त्या वाळूत बसून राहिल्या असाव्यात, कारण पाचव्या रात्री विजेरी घेऊन पाहिले तेव्हा वाळूवर त्यांच्या रेघोट्या नेहमीसारख्या उमटल्या होत्या. अंडीही वाचली, दोन आठवड्यांच्या आत काचेवर खसखशीएवढ्या नव्या ब्लॅडर दिसू लागल्या आणि कोजागरीपर्यंत माझ्या वीतभर चौकोनात पुन्हा सव्वीस भरल्या. श्रिंप मात्र टाकीत परत आल्या नाहीत. वाळूत आणि दगडांवर बसलेले तांबे हळूहळू पाण्यात सुटत राहते, ते कधी संपले हे सांगणारे किट माझ्याकडे नव्हते आणि त्यांचा जीव घालून पाहण्याची माझी तयारी नव्हती. बादलीतून त्या एका मित्राच्या टाकीत गेल्या आणि तिथे सुखात आहेत.

औषध खोटे नाही. गोगलगाय मारतो म्हणते आणि मारते. माझी तक्रार लेबलाविषयी आहे, कारण मारल्यानंतरच्या दिवसाबद्दल ते काहीच सांगत नाही. ‘प्रथम हाताने निघतील तेवढ्या काढा, मेलेल्या लगेच उपसा, रोज अमोनिया तपासा’ या तीन वाक्यांना त्या लेबलावर भरपूर जागा होती. ती जागा एका हसऱ्या माशाने अडवली आहे. जिथे मासे आणि झाडे नाहीत अशी रिकामी टाकी धुऊन काढायची असेल तर ही बाटली घ्यावी, भरल्या टाकीत अजिबात घालू नये. बाटलीतले पाऊण औषध माझ्याकडे अजून पडून आहे. ते मोरीत ओतणेही योग्य नसल्याने त्याचे काय करावे हा वेगळाच प्रश्न झाला आहे.

सापळ्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आत खाद्य ठेवायचे, गोगलगाय एका बाजूने ढकलता येणाऱ्या दारातून आत जाते आणि बाहेर येऊ शकत नाही, अशी ही पारदर्शक डबी आहे. चालते. पण काकडीचा जाड काप काट्याला टोचून रात्री दिवा मालवताना तळाला ठेवला आणि पहाटे उचलला तर तितक्याच गोगलगायी फुकटात निघतात. कोबीचे पान उकळत्या पाण्यातून काढून ठेवले तर थोड्या जास्तच. मी दोन्ही आठ-आठ रात्री करून पाहिले. डबीचा एकच खरा फायदा असा की सकाळी उशिरा उठलो तरी पकडलेल्या गोगलगायी पळून जात नाहीत. काकडी मात्र दुपारपर्यंत विसरली तर ती स्वतःच कुजू लागते आणि आपण ज्यांना घालवायला बसलो त्यांचेच जेवण वाढून ठेवल्यासारखे होते. दाराची बिजागरी तिसऱ्या महिन्यात निघाली. आता दार रबर बँडने बांधून ठेवले आहे.

सापळ्याने एक गोष्ट मात्र शिकवली. मी रोज रात्री तीस-पस्तीस गोगलगायी काढत होतो आणि काचेवरची संख्या जिथल्या तिथे होती. खाद्य तेवढेच राहिले तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येते, त्या लवकर वाढतात आणि जास्त अंडी घालतात. खाली करणारा माणूस आणि भरणारा माणूस एकच असल्यावर दुसरे काय होणार? म्हणून दिवसातून दोनदाचे खाद्य एकदा केले, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपास. सुरुवातीला उपासाच्या दुसऱ्या दिवशी मासे काचेला तोंड लावून मागू लागले की हात सैल सुटायचा आणि आमच्या टाकीत अक्षरशः ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ चालायचे. मग मेडिकलच्या दुकानातून सोमवार ते रविवार असे सात कप्प्यांचे औषधाच्या गोळ्यांचे डबे आणले, ५० रुपयांना एक. प्रत्येक कप्प्यात त्या दिवसाचे खाद्य मोजून भरायचे, बुधवारचा कप्पा रिकामा. या मे महिन्यात दहा दिवस बाहेरगावी गेलो तेव्हा काकूंच्या हाती खाद्याचा डबा न देता असे दोन डबे भरून दिले. परतल्यावर त्यांनी मासे वाळले असल्याची तक्रार केली. काचेवर चार गोगलगायी होत्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हेलेना आणल्या. इंग्रजीत तिला ‘असॅसिन स्नेल’ असे भडक नाव असले तरी दुकानांत हेलेना म्हणूनच मागावी. शास्त्रीय नाव अ‍ॅनेंटोम हेलेना. जुन्या पुस्तकांत क्लिया हेलेना असे सापडेल. मूळची आग्नेय आशियातली, दोन-अडीच सेंटिमीटरची, पिवळ्या आणि गडद तपकिरी आडव्या पट्ट्यांची. दिसायला इतकी देखणी आहे की शिकारी नसती तरी लोकांनी पाळली असती. दुकानात पिशवीत भरून दिलेल्या आठांपैकी दोन घरी आल्यावर चोवीस तास एकाच जागी पडून होत्या. उचलून पाहिले तर एकीचे झाकण घट्ट मिटलेले होते, म्हणजे ती जिवंत होती. दुसरीचा शंख उघडा आणि वास येणारा होता. मालकांनी फोटोवर विश्वास ठेवून ती बदलून दिली. घेताना मात्र काचेला चिकटलेल्या किंवा चालणाऱ्या हेलेनाच मागाव्यात, तळाला पडलेल्या घेऊ नयेत.

पहिले चार दिवस टाकीत काही घडतच नव्हते. आठही जणी वाळूत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या; ५६० रुपये वाळूत गेले असे घरातल्यांनी म्हणूनही घेतले. नीट पाहिले तेव्हा वाळूतून वर आलेली बारीक पांढरट नळी दिसली, हत्तीने पाण्यातून सोंड वर काढावी तशी. ही तिची श्वसननलिका. या नळीने ती पाणी आत ओढते आणि त्यातून भक्ष्याचा वास घेते. म्हणूनच हेलेना ठेवायची तर तळाला वाळू हवी, जाड खडीत तिला शिरता येत नाही आणि मोकळ्या काचेच्या तळावर ती शिकारही धड करत नाही.

पाचव्या रात्री पहिली शिकार पाहिली. वाटाण्याएवढी एक रॅम्सहॉर्न लाकडाच्या कडेने शेवाळ खात चालली होती आणि एक हेलेना, नळी डावीकडे-उजवीकडे फिरवत, तिच्या चिकट वाटेवरून मागे येत होती. वेग म्हणाल तर दोघींचाही गोगलगायीचाच, पण पुढची मध्ये-मध्ये खायला थांबत होती आणि मागची थांबत नव्हती. गाठल्यावर तिने पायाने शंख कवेत धरला. रॅम्सहॉर्न आत आखडली, पण तिला झाकण नाही. हेलेनाच्या तोंडातून एक लांब लवचीक सोंड निघाली आणि शंखाच्या उघड्या तोंडातून आत गेली. पुढचा पाऊण तास बाहेरून काहीच हालचाल दिसली नाही, फक्त तो लालसर शंख हळूहळू आतून फिका होत गेला. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण साळसूद माणसाला लावतो. प्राणिशास्त्रात या वर्गाला उदरपाद, म्हणजे पोटपायेच, म्हणतात. पण म्हणीतला खरा अर्थ मला त्या पाऊण तासात कळला.

हेलेना रोज एखाददुसरीच गोगलगाय खाते, कधी दोन दिवसांत एक. म्हणून आठ हेलेना शेकडो गोगलगायींचा फडशा पाडतील अशा आशेने आणणाऱ्याची निराशा होईल, आणि महिनाभराने ‘चालत नाही’ असे सांगणारे बहुतेक असेच असतात. माझ्या चौकोनातले आकडे असे आहेत: हेलेना आणल्या त्या दिवशी चोवीस, संक्रांतीला अकरा, होळीला चार. या काळात खाद्य आवळलेले होते आणि आठवड्यातून दोन रात्री काकडीही ठेवत होतो, त्यामुळे सगळे श्रेय हेलेनांना देता येणार नाही. परंतु ट्रम्पेटवर जे काही झाले ते निःसंशय त्यांचेच. काकडीला ट्रम्पेट कमी येतात, औषधाला त्यांनी दाद दिली नाही. हेलेना मात्र त्यांच्याच वाळूत त्यांच्या मागे जाते, आणि मार्चमध्ये सायफन फिरवला तेव्हा नळीतून ट्रम्पेटचे रिकामे शंख खडखडत वर आले. अमोनिया या संपूर्ण काळात एकदाही वाढला नाही, कारण मरण हप्त्याहप्त्याने येत होते आणि प्रेत खाल्लेले असायचे.

दोषही सांगतो. अंड्यांना तोंड लावताना मी तिला एकदाही पाहिले नाही, त्यामुळे पानामागचे पुंजके नखाने खरवडून काढण्याचे काम आपलेच राहते. तिला जात कळत नाही. शोभेची मिस्ट्री किंवा नेराइट गोगलगाय टाकीत असेल तर तीही भक्ष्यच ठरते, आणि कात टाकलेली दुबळी श्रिंपही तिच्या तावडीत सापडू शकते. तांबे तिलाही मारते, म्हणून औषध घातलेल्या टाकीत लगेच सोडू नये. मी महिनाभर पाणी बदलत राहिल्यानंतर सोडल्या, आणि तेव्हाही धाकधूक होती. शिवाय नर-मादी वेगवेगळे असतात पण बाहेरून ओळखता येत नाहीत, तेव्हा पिल्ले हवी असतील तर पाच-सहा घ्याव्यात आणि नको असतील तर एकच घेऊन धीर धरावा. तिची अंडी एकेकटी, चौकोनी पारदर्शक पाकिटात असतात आणि पिल्ले वाढायला महिने लागतात. ब्लॅडरसारखा तिचा सुळसुळाट होत नाही.

मालकांनी हेलेनाऐवजी लोच मासे किंवा पफर सुचवले होते, ते मी घेतले नाहीत. क्लाउन लोच गोगलगायी चवीने खातो, परंतु तो वाढून फूटभर होतो आणि कळपात राहतो. तीन फुटी टाकीत त्याला ठेवणे म्हणजे एका खोलीत एकत्र कुटुंब. झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, आकाराने बसला असता. पण तो आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आहे आणि संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. काचेवरच्या गोगलगायींसाठी नदीतून काढलेला तो मासा घेणे मनाला पटले नाही. पी पफर हा केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला इंचभर मासाही असाच, आणि तो गप्पींच्या शेपट्या कुरतडतो ते वेगळेच.

नवी झाडे आणताना आता मी दोनच वाटा ठेवल्या आहेत. जेलमध्ये वाढवलेल्या टिश्यू कल्चरच्या झाडांचा कप २०० रुपयांच्या घरात पडतो, जुडीच्या तिप्पट, पण बंद कपात गोगलगाय असूच शकत नाही. जेल कोमट पाण्याने धुऊन टाकले की झाले. साधी जुडीच घ्यायची असेल तर तुरटी. चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून झाडे तीन तास बुडवून ठेवतो, मग पानामागे बोट फिरवत धुतो आणि आठवडाभर वेगळ्या बरणीत ठेवून पाहतो. बरणीच्या काचेवर काही सरकले नाही तरच टाकीत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तशी ती थेट टाकीत फिरवावी, असा सल्ला मला एका ज्येष्ठ नातेवाइकांनी मनापासून दिला होता. तसे करू नये. तुरटीने पाण्यातली क्षारता खाल्ली जाऊन सामू (पीएच) घसरतो आणि मऊ पाण्यात तर तो एकदम घसरतो.

काढलेल्या गोगलगायी मी नदीत किंवा नाल्यात सोडत नाही. लहान असतील त्या चिरडून गप्पींनाच घालतो, बाकीच्या फ्रीझरमध्ये एक रात्र ठेवून कुंडीतल्या मातीत पुरतो. फ्रीझरमधल्या त्या डबीवर आता मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावलेली आहे, कारण एकदा ती मटारच्या पिशवीशेजारी सापडली होती.

हेलेनांना पाचपैकी चार, सापळ्याला अडीच आणि बाटलीला, लेबल बदलेपर्यंत, एक. एप्रिलमध्ये वाळूवर तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन पट्टेरी हेलेना चालताना दिसल्या; आता मोजून अकरा आहेत आणि त्यांना पुरेल एवढी शिकार उरलेली नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा तळाला जाणारी गोळी किंवा गोठवलेले ब्लडवर्म (माशांच्या खाद्याच्या लाल अळ्या) घालावे लागतात. त्यांच्यापैकी पाच पुढच्या रविवारी श्रिंपवाल्या मित्राच्या भावाकडे जातील, त्याच्या टाकीत श्रिंप नाहीत आणि ट्रम्पेट भरपूर आहेत. माझ्या चौकोनात काल रात्री दोन होत्या. दोन्ही ट्रम्पेट होत्या आणि वाळू खालून उकरून मोकळी ठेवण्याचे काम त्या चांगले करतात, म्हणून त्यांना मी हात लावलेला नाही.